चाळीस मिनिटांच्या बर्फासाठी टायर

सासूबाई मस्कतच्या विमानतळातून बाहेर आल्या त्या माकडटोपी हातात घेऊनच. जानेवारीचा महिना असला तरी बाहेर छान ऊन होतं आणि मी अर्ध्या बाह्यांच्या शर्टात उभा होतो. गाडीत बॅग ठेवताना ती इतकी जड लागली की मी विचारलं, "आई, लोणची आणलीत वाटतं?"

"लोणची कसली, जावईबापू? दोन स्वेटर, एक शाल, लोकरीचे मोजे आणि तुमच्यासाठी मफलर," त्या म्हणाल्या. "बर्फात जायचं म्हणजे तयारी नको?"

मी बायकोकडे पाहिलं. बायकोने खिडकीबाहेर पाहिलं.

झालं होतं असं, की त्यांच्या सांगलीच्या भिशीच्या ग्रुपवर कुणीतरी एक व्हिडिओ टाकला होता. डोंगरावर पांढरा थर, कंदुरा, म्हणजे पायघोळ अरबी झगा, घातलेला एक माणूस हसत हसत तो गाडीच्या काचेवरून खरवडतोय, आणि खाली लिहिलेलं : ओमानमध्ये बर्फवृष्टी. भिशीतल्या सगळ्या बायकांनी एकमुखाने सांगितलं, अहो, तुमची मुलगी तिथेच असते ना? सासूबाईंनी पस्तीस वर्षं सांगलीत गाण्याचे क्लास घेतले होते. दर वर्षी मे महिन्यात मनालीला जायचं ठरायचं आणि दर वर्षी कुणाची तरी परीक्षा किंवा कुणाचं तरी लग्न आडवं यायचं. आता त्या बहात्तर वर्षांच्या होत्या आणि त्यांनी अजून बर्फ पाहिला नव्हता.

व्हिडिओ खोटा नव्हता, हीच पंचाईत. निझव्याच्या पुढे जबल शम्स नावाचा उंच डोंगर आहे, तिथे हिवाळ्यात कधी कधी खरंच बर्फ पडतो. पण कधी कधी म्हणजे अगदीच कधी कधी. हे त्यांना विमानतळावरच स्पष्ट सांगायला हवं होतं. मी मात्र म्हणालो, "हो हो, जाऊ की. फक्त गाडीचे टायर बदलायला हवेत."

हे वाक्य मी वेळ मारून नेण्यासाठी बोललो होतो. पण टायर खरोखरच बदलायला आले होते. गाडीची मुलकिया, म्हणजे नोंदणीचं कार्ड, त्याच महिन्यात नवीन करायचं होतं आणि तपासणीत जुने टायर पास झाले नसते. बायको म्हणाली, "साधे, रस्त्यावरचे टायर घे. तू बौशरहून कुरुमला ऑफिसात जातोस आणि तिथून परत येतोस. वाटेत हिमालय लागत नाही."

मी एका बांधकाम कंपनीत खरेदी विभागात काम करतो. साधा पाण्याचा पंप घ्यायचा असला तरी तीन कोटेशन, तुलनेचा तक्ता आणि शेवटी शिफारस, अशी माझ्या हाताला सवय आहे. त्यामुळे 'साधे घे' हे शब्द माझ्या कानात शिरले तरी मेंदूपर्यंत पोचत नाहीत. मी लॅपटॉप उघडला.

पुढचे दहा दिवस मी टायर वाचले. एक टायर रस्त्याचा, एक थोडा रस्त्याचा थोडा कच्च्या वाटेचा, आणि एक निव्वळ चिखलाचा, ज्याच्या खाचांत माझा अंगठा बुडेल. काहींच्या बाजूला एम प्लस एस अशी अक्षरं, म्हणजे चिखल आणि बर्फ. आणि त्याहून वरच्या दर्जाचं एक चिन्ह : तीन शिखरांचा डोंगर आणि पोटात हिमकण. ते चिन्ह मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला भरून आलं. इतकं समर्पक चिन्ह! डोंगर आमच्याकडे होताच, आता हिमकण तेवढा मिळवायचा राहिला होता.

अडचण एवढीच होती, की टायरबद्दल मनापासून लिहिणारी सगळी माणसं थंड देशांत राहतात. टायरच्या एका ऑनलाइन फोरमवरचा एकजण कॅनडात रोज बर्फातून नोकरीला जायचा. त्याने चिखलाच्या टायरवर इतकं प्रेमाने लिहिलं होतं, की मी त्यालाच प्रश्न टाकला : रोज ऑफिसला जायच्या गाडीला कुठला टायर घेऊ? त्याने लगेच उलट विचारलं, "तुमच्याकडे वर्षातून किती महिने बर्फ असतो?"

मी प्रामाणिकपणे लिहिलं, "साधारण चाळीस मिनिटं. तेही दर वर्षी नाही."

दोन दिवस तिथे शुकशुकाट होता. मग नॉर्वेतल्या एका गृहस्थाने उत्तर दिलं, "तुम्हाला टायरची नाही, एखाद्या मित्राची गरज आहे." मी ते बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "हा माणूस शहाणा आहे. याला विचार."

शेवटी एका शनिवारी मी आणि सासूबाई बौशरमधल्या गॅरेजांच्या गल्लीत टायरच्या दुकानात गेलो. दुकानदार दापोलीकडचे, किनाऱ्यावरचे कोकणी मुसलमान. तीस वर्षं ओमानात काढलेली, पांढरी दाढी, आणि टायरवर थाप मारून त्याचं वय सांगणारा हात. मराठी ऐकून त्यांनी सासूबाईंसाठी खुर्ची पुसून दिली आणि चहा मागवला.

मी तक्ता काढला. तक्त्यात चौदा रकाने होते. त्यांनी तो चष्मा लावून वरपासून खालपर्यंत वाचला आणि मला परत दिला.

"साहेब, तुम्ही रोज गाडी कुठं चालवता?"

"बौशर ते कुरुम."

"मग ह्यो चिखलाचा टायर कशाला? कुरुमला चिखल हाय?"

"नाही. पण बर्फ..."

"बर्फ?" त्यांनी दुकानाबाहेरच्या उन्हाकडे पाहिलं. "बर्फ आमच्या फ्रीजात हाय. बगा साहेब, जेवढा टायर बर्फासाठी नरम, तेवढा इथल्या गरमीत लवकर संपणार. जून महिन्यात खोडरबरासारखा झिजंल. आणि आवाज! कानात भुंगा शिरल्यासारखा. वाळूत जायचं असंल तर साध्या टायरची हवा थोडी कमी करायची, खलास."

इतकं सरळ, इतकं शहाणपणाचं बोलणं मी त्या दहा दिवसांत कुठेच वाचलं नव्हतं. मी जवळजवळ मान डोलावली होती. तेवढ्यात सासूबाई खुर्चीतून उठल्या, कोपऱ्यात उभ्या केलेल्या एका प्रचंड काळ्या टायरपाशी गेल्या आणि त्याच्या खाचांवरून हात फिरवून म्हणाल्या, "याचे दात छान आहेत हो."

मी वाकून पाहिलं. बाजूला तीन शिखरं, पोटात हिमकण.

"हाच," मी म्हणालो.

दुकानदारांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा सासूबाईंकडे, आणि जावयाचा प्रश्न आहे हे त्यांच्या लक्षात आलं असावं. "वैनी खूश तर आपण खूश," म्हणून त्यांनी कारागिरांना हाक मारली. मापाने टायर जरासा मोठा होता. "पूरं स्टिअरिंग फिरवलं की जरा घासंल," त्यांनी बजावलं. जरा म्हणजे किती, ते मला पहिल्याच दिवशी मॉलच्या पार्किंगमध्ये कळलं. गाडी वळवताच असा घर्रर्र आवाज झाला, की ट्रॉली ढकलणारी एक बाई ट्रॉली सोडून खांबामागे गेली.

आणि मग ते गाणं सुरू झालं.

चिखलाचा टायर डांबरावर पळतो तेव्हा त्याचा प्रत्येक दात रस्त्याला स्वतंत्र भेटतो आणि प्रत्येक भेटीचा आवाज होतो. साठला ती गुणगुण असते, ऐंशीला घूंऽऽ होतो, शंभरच्या पुढे फोनवर बोलता येत नाही. ऑफिसात उतरल्यावरही माझ्या डोक्यात तासभर तानपुरा वाजायचा. बायको, जी शाळेत विज्ञान शिकवते, ती मला सोडायला सांगायच्या ऐवजी शेजारणीच्या गाडीतून जायला लागली. बारा वर्षांची लेक म्हणाली, "बाबा, मला गेटच्या थोडं आधी उतरव. माझे फ्रेंड्स म्हणतात तुझी गाडी येते तेव्हा क्लासमध्ये ऐकतो येतं."

"ऐकू येतं," बायकोने सुधारलं.

"तेच. सगळ्यांना."

एकट्या सासूबाई खूश होत्या. दुसऱ्याच दिवशी हायवेवर त्यांनी डोळे मिटून मान डोलवायला सुरुवात केली. "ऐंशीला स्वच्छ षड्ज लागतो, जावईबापू. शंभरच्या आसपास गंधार. वाहवा." मग त्यांनी त्या षड्जावर भूपाची आलापी सुरू केली. मी नकळत ऐंशीवर गाडी स्थिर धरली, कारण वेग बदलला की त्या एक डोळा उघडून "बेसूर करू नका" म्हणायच्या.

याचा एक फायदाही झाला. टायर मोठे असल्यामुळे काटा खरा वेग दाखवत नव्हता, कमी दाखवायचा. हे मला रस्त्यावरच्या कॅमेऱ्याचा लख्ख प्रकाश तोंडावर पडल्यावर समजलं. त्यानंतर मी काट्यापेक्षा सासूबाईंवर विश्वास ठेवायला लागलो. "पंचमाकडे चाललात," असं मागून आलं की पाय उचलायचा.

संध्याकाळी त्या आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये छोटं स्टूल घेऊन बसायच्या आणि खाचांत अडकलेले खडे विणकामाच्या सुईने काढायच्या. लोकरीबरोबर सुयाही आल्या होत्या. वॉचमन रोज त्यांच्यासाठी पाण्याची बाटली आणून ठेवायचा. लेक जाऊन विचारायची, "आजी, आज किती दगडी निघाला?" आजी "खडे, खडे निघाले" म्हणायची आणि तिच्या हातात ते मोजून ठेवायची.

असे तीन आठवडे गेले. सासूबाई रोज सकाळी चहाबरोबर जबल शम्सचं हवामान विचारायच्या. एका गुरुवारी अखेर ढग, पाऊस आणि डोंगरावर शून्याखाली पारा असा अंदाज आला. शुक्रवारी सकाळी सहाला आम्ही निघालो. सासूबाईंनी दोन्ही स्वेटर एकावर एक घातले होते. निझव्यापर्यंत त्यांना घामाने अंघोळ झाली, पण माकडटोपी काढायला त्या तयार नव्हत्या. "एकदम पडायला लागला तर?"

निझव्यात चहा आणि हलवा झाला आणि आम्ही घाटाला लागलो. वर जाताना डांबरी रस्ता संपून कच्चा पट्टा लागला. मी छाती काढून बसलो. हाच तो क्षण, ज्यासाठी चौदा रकाने भरले होते. तेवढ्यात मागून हॉर्न वाजला आणि एक जुनाट पांढरी पिकअप आमच्या शेजारून सुळकन वर निघून गेली. मागे सहा शेळ्या उभ्या होत्या. टायर इतके गुळगुळीत, की त्यांत तोंड बघून भांग पाडता आला असता. एक शेळी बराच वेळ आमच्याकडे पाहत राहिली.

वर पोचलो तेव्हा थंडी खरी होती. दात वाजत होते. मी मफलर गुंडाळला आणि सासूबाईंना मनातल्या मनात हात जोडले. पण बर्फ नव्हता. खाली काळी खोल दरी, वर राखाडी आभाळ, आणि मधे आम्ही चौघं थर्मासमधला चहा पीत. दोन तास थांबलो. मग एकदम टपटप सुरू झालं. सासूबाई ओरडल्या, "आला!" आणि दोन्ही हात पसरून गाडीबाहेर धावल्या.

पाचच मिनिटं पडलं. त्यांनी तळहातावरचा एक दाणा डोळ्यांजवळ नेला.

"ही गार आहे," त्या म्हणाल्या. "गारा आमच्याकडे सांगलीतही पडतात."

लेक म्हणाली, "आजी, पण ही ओमानचा गार आहे." आजीने तिच्या डोक्यावरून हात फिरवला, पण चेहरा उतरला तो उतरलाच. मुकाट्याने गाडीत येऊन बसल्या आणि माकडटोपी काढून मांडीवर ठेवली. ते मला बघवेना.

आता यापुढे मी जे केलं त्याचं समर्थन मी आजही करू शकत नाही. परतीच्या रस्त्यावर, डाव्या हाताला, पावसाचं पाणी साचून चांगला ऐसपैस चिखल झाला होता. मला वाटलं, बर्फ नाही तर नाही, निदान टायर काय करतात ते तरी आईंना दाखवू.

"बघा हं आता," म्हणून मी गाडी रस्त्यावरून खाली घातली.

"अरे, रस्ता आहे ना!" बायको ओरडली.

गाडी झोकात चिखलाच्या मधोमध गेली आणि तिथेच राहिली. मी ॲक्सिलरेटर दाबला. मागची चाकं गरगरली, चिखलाचे दोन फवारे उडाले, आणि गाडी हळूच आणखी चार बोटं खाली बसली. सासूबाईंनी मागून हळू आवाजात सांगितलं, "तार सप्तक लागलं."

मी उतरलो. एक बूट चिखलातच राहिला. मी तसाच, एका मोज्यावर, चाकांभोवती दगड रचत असताना वरून तीच पिकअप आली. आता शेळ्या नव्हत्या. एक वयस्कर ओमानी गृहस्थ उतरले, कंदुरा हाताने वर धरून सावकाश गाडीभोवती फिरले. पहिल्यांदा त्यांनी टायर पाहिले आणि खरोखर कौतुकाने मान हलवली.

"टायर बहुत अच्छा," ते हिंदीत म्हणाले. मग वाकून खाली पाहिलं. "लेकिन आगे का चक्का घूमता नहीं. ये फोर बाय फोर नहीं है."

"है," मी म्हणालो आणि मागच्या दारावरची चकचकीत अक्षरं दाखवली. फोर बाय फोर, असं ठळक लिहिलेलं होतं. त्यांनी जवळ जाऊन नखाने एक कोपरा खरवडला. अक्षर सोललं गेलं. स्टिकर होता. गाडीच्या आधीच्या मालकाने हौसेने लावलेला, आणि चार वर्षं मी तो दर आठवड्याला पुसत आलो होतो.

बायकोने तो सोललेला कोपरा वाकून पाहिला.  मग तिचे खांदे हलायला लागले आणि ती गाडीला टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. लेक हसली, सासूबाई हसल्या, ते गृहस्थही हसले. मीही एका बुटावर उभा राहून हसलो, दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच.

त्यांनी दोर बांधला, "यल्ला", म्हणजे चला, म्हणाले, आणि गुळगुळीत टायरांच्या त्या पिकअपने आम्हाला एका झटक्यात बाहेर काढलं. मी आभार मानून निघणार होतो, पण त्यांनी माझ्या पायांकडे बोट दाखवलं. अशा अवस्थेत पाहुणा घरावरून गेला तर त्यांच्या घरचे काय म्हणतील? कहवा, म्हणजे इथली कॉफी, घेतल्याशिवाय सोडणार नाही, म्हणाले. घर पुढच्याच वळणावर होतं.

पाय धुऊन मी त्यांच्याबरोबर मजलिसमध्ये, म्हणजे बाहेरच्या बैठकीत बसलो. बायको, लेक आणि सासूबाईंना त्यांच्या पत्नीने आत नेलं. आम्ही खजूर खाल्ले, कहवा प्यायलो. ते विचारत होते, एवढे भारी टायर कशासाठी? मी माझ्या मोडक्या हिंदी-अरबीत सासूबाईंची गोष्ट सांगितली. मनाली सांगितली, भिशीचा व्हिडिओ सांगितला. ते ऐकत राहिले आणि मग आतल्या दाराकडे तोंड करून त्यांनी मोठ्याने काहीतरी म्हटलं. त्यातला 'थल्ज', म्हणजे बर्फ, एवढाच शब्द मला कळला.

आतून बायकांचा कलकलाट ऐकू आला. मागचं दार उघडल्याचा आवाज. मग सासूबाईंची एक किंकाळी, आणि मग त्यांचं हसणं, वरच्या पट्टीत, थांबेचना. मी उठायला लागलो, पण यजमानांनी हाताने खाली बसवलं आणि आणखी खजूर पुढे केले. पाहुण्याने घरभर फिरायचं नसतं, एवढं मलाही कळत होतं. मी खजूर चावत बसलो.

दहा मिनिटांनी लेक धावत आली. दोन्ही हातांत कहव्याचा चिमुकला कप धरलेला.

"बाबा, लवकर बघ! वितळतोय! घराच्या मागे भिंतीच्या खाली होता, सावलीत! काल रात्री पडला होता! आजीने त्याच्यात पूर्ण हात घातला!"

मी कपात पाहिलं. तळाशी पाणी, आणि त्यावर चमचाभर पांढरं, भुसभुशीत काहीतरी. मी बोट लावेपर्यंत त्यातलंही अर्धं गेलं. दहा दिवसांचा अभ्यास, चौदा रकाने आणि चार टायर यांच्या बदल्यात माझ्या वाट्याला आलेला बर्फ तो एवढाच.

निघताना सासूबाई आणि यजमानीण बाई दारात हातात हात घालून उभ्या होत्या. दोघींची भाषा वेगळी, पण दोघीही बोलत होत्या, आणि दोघींनाही ऐकायची घाई नव्हती. यजमानीण बाईंच्या डोक्यावर, ओढणीच्या वरून, आमची माकडटोपी होती. सासूबाईंनी ती त्यांना देऊन टाकली होती.

सोमवारी मी टायरच्या दुकानात गेलो. मी काही बोलायच्या आत दापोलीकरांनी रस्त्याच्या साध्या टायरांचा संच बाहेर काढून ठेवला होता. "तुमचे ते वाळूत कॅम्पिंग करणाऱ्या एकाला देतो," ते म्हणाले. "त्याची गाडी खरी फोर बाय फोर हाय." त्यांना हे कसं कळलं, ते मी विचारलं नाही. टायर चढवले त्या दिवशी गाडीखाली त्यांनीही डोकावलं होतं.

"आणि बर्फ बगितला का वैनींनी?"

मी मोबाईल काढून फोटो दाखवला. सासूबाईंचा पसरलेला हात आणि त्यावर पांढरा ढिगारा. त्यांनी चष्मा लावला, फोटो मोठा केला, मग कारागिरांना हाक मारली. हातातले पाने ठेवून सगळे गोळा झाले. एकजण म्हणाला, हे मीठ आहे. दुसरा म्हणाला, मीठ असं चमकत नाही, साबुदाणा आहे. दापोलीकरांनी फोटो आणखी मोठा केला.

"तीस वर्षं झाली साहेब मला हितं," ते शेवटी म्हणाले. "मी नाय बगितला कधी."

मग त्यांनी त्या घराचा पत्ता एका जुन्या बिलाच्या मागे माझ्याकडून लिहून घेतला, नकाशासकट, आणि खिशात ठेवला. माझ्या चौथ्या चाकाचे नट आवळायचे राहिले होते, ते त्यांनी स्वतः आवळले.